नुसतं सोल्डर लावायचे एवढे?

हल्ली प्रत्येक ऑफिसात एक तरी प्राणी असा निघतोच, ज्याला अचानक ‘साउंड’चा साक्षात्कार होतो. कालपर्यंत लॅपटॉपच्या स्पीकरवर खूश असलेला हा गडी एक दिवस कॅन्टीनमध्ये साबुदाण्याची खिचडी खाता खाता ‘इम्पीडन्स’ असा शब्द उच्चारतो आणि आपण ओळखायचं, की केस हाताबाहेर गेली. आधी महागडे हेडफोन येतात. मग कुणाच्या तरी आजोबांचा टर्नटेबल. आणि मग येतं किट!

किट म्हणजे सुटा अ‍ॅम्प्लिफायर. एका खोक्यात कोरे सर्किट बोर्ड, पुड्यांमध्ये रेझिस्टर-कपॅसिटर, एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचं कॅबिनेट आणि मॅन्युअल. जोडायचं आपलं आपण. कल्पना झकास आहे. फक्त खोका उघडल्यावर आठवतं, की सोल्डरिंग आयर्न आपण शेवटचं हातात धरलं ते फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये, आणि तेव्हाही जर्नलवर सही मिळण्यापुरतंच. शिवाय वन बीएचकेत टेबल एकच, त्यावर लॅपटॉप, आणि शनिवार-रविवार म्हणजे कपडे, किराणा, कुणाचं तरी लग्न. खोका कपाटावर चढतो. सहा महिन्यांनी मालक विचारायला लागतो, ‘अरे, जोडून देणारा कुणी मिळत नाही का?’

मिळतो की. मग पुढचा प्रश्न येतो, आणि आजचा आपला विषय तोच : त्याला द्यायचे किती?

बहुतेकांचं उत्तर तयार असतं. किट पंधरा हजारांचं, मग मजुरी हजार-दीड हजार. नुसतं सोल्डर तर लावायचंय!

आता बघा. किट स्वस्त वाटतं, कारण जोडणाऱ्याची मजुरी त्या किमतीत धरलेलीच नसते. ती तुम्ही फुकट करणार असं गृहीत असतं. अमेरिकेत हा हिशोब अगदी छापील असायचा. डायनाको कंपनीचा ‘स्टिरिओ ७०’ हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर १९५९ साली बाजारात आला आणि लाखोंनी खपला. तो दोन प्रकारे मिळायचा. सुटं किट ९९ डॉलर ९५ सेंटला, कारखान्यात जोडून, तपासून १२९ डॉलर ९५ सेंटला. मधले ३० डॉलर कशाचे? जोडणीचे. म्हणजे किटच्या किमतीच्या तीस टक्के, आणि तेही कारखान्यात, जिथे एकसारखे नग एकामागून एक जोडले जातात. आपल्या गल्लीतला माणूस एकच नग जोडणार असतो, तोही पहिल्यांदा.

पुढे हे गणितच बदललं. किटच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे हीथकिट. १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपच्या किटपासून त्यांची सुरुवात झाली आणि १९९२ मध्ये त्यांनी किट बनवणंच थांबवलं. यंत्रांनी भरलेले तयार बोर्ड इतके स्वस्त झाले, की हाताने जोडून पैसे वाचेनात. आज तर तेवढ्याच पॉवरचा तयार क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर किटपेक्षा कमी पैशात घरपोच येतो. तेव्हा किट घेणारा माणूस पैसे वाचवायला घेतच नाही, हौसेला घेतो. घ्यावं की! पण हौस तुमची आणि बचत मात्र दुसऱ्याच्या मजुरीतून, हे काही पटत नाही, बॉस.

हे सगळं मी तोंडावर फेकतोय ते हिशोब करून. माझं स्वतःचं किट गेल्या वर्षी जोडून घेतलं. एलएम ३८८६ नावाच्या चिपवर बेतलेलं. ही चिप जुनी. मूळ कंपनी नॅशनल सेमीकंडक्टर, जी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली. अकरा पायांची ही काळी चौकोनी वडी चार ओहमच्या स्पीकरला अडुसष्ट वॅटपर्यंत पॉवर देते, आणि हौशी मंडळींचा तिच्यावर फार जीव. बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कॅबिनेट धरून माझे साडेचौदा हजार गेले.

जोडणारे काका भेटले बुधवारात, तापकीर गल्लीजवळच्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर. ऐंशीच्या दशकात असेंबल्ड डेक बनवायचे. मग गणपती मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, मग ‘चव्वेचाळीस-चाळीस’चे बोर्ड, म्हणजे ४४४० आयसीवाले, जे एकेकाळी प्रत्येक रिक्षात आणि चहाच्या टपरीवर वाजायचे. आता मिक्सर, होम थिएटर, आणि सीझनला मंडळांचं काम. हाताखाली एकोणीस वर्षांचा, आयटीआय करणारा एक पोरगा.

मी खोका टेबलावर ठेवला. काकांनी झाकणसुद्धा उचललं नाही. “बोर्डच भरायचाय ना? दीड हजार द्या.”

“काका, आधी बघा तरी.”

“बघायचंय काय त्यात?”

इथेच खरी मेख आहे. काकांचे दीड हजार आले कुठून? तर ४४४० चे बोर्ड त्यांनी आयुष्यात इतके भरलेत, की झोपेतही भरतील. त्या कामाचा भाव त्यांच्या तोंडात बसलाय, त्यात थोडे वाढवून त्यांनी मला सांगितले. माझ्या खोक्यातल्या कामाचा भाव त्यांनी अजून काढलेलाच नव्हता. मी म्हटलं, “किट ठेवून जातो. मॅन्युअल वाचा, मग सांगा. आणि चालणार असेल तर शनिवारी मी बाजूला बसतो. बडबड करणार नाही.” काकांनी माझ्याकडे इन्कम टॅक्सवाला आल्यासारखं पाहिलं. पण हो म्हणाले.

दोन दिवस बसलो. घड्याळ माझं, वही माझी, चहा काकांचा.

पहिला दीड तास सोल्डरिंग आयर्न गरमच झालं नाही! काकांनी पुड्या फोडल्या, प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजला आणि मॅन्युअलच्या यादीसमोर टिक केली. रंगांच्या पट्ट्या वाचता येत असताना मोजायचं कशाला, असं मी विचारलं (बडबड करणार नाही म्हणालो होतो, पण राहवेना). “तपकिरी आणि लाल पट्टी ट्यूबलाइटमध्ये सारखीच दिसते,” काका म्हणाले. “एक चुकीचा बसला की नंतर शोधायला अर्धा दिवस.” चिपचं प्रिंटिंग भिंगाखाली पाहिलं, कारण या चिपच्या नकला बाजारात आहेत.

मग दोन चॅनलचे दोन बोर्ड तीन तासांत भरले, पॉवर सप्लायचा एका तासात. ज्याला आपण ‘नुसतं सोल्डर’ म्हणतो ते एवढंच. चार तास.

आणि मग सुरू झाला पत्रा. कॅबिनेट किटवाल्याने दिलेलं, पण मागच्या बाजूला भोकंच नव्हती. स्पीकरच्या टर्मिनलची भोकं ड्रिलने झाली. पॉवर कॉर्डच्या सॉकेटला मात्र चौकोनी खाच लागते. चौकोनी ड्रिल कुठे मिळतं? कडेने बारीक भोकं पाडायची, मधला तुकडा काढायचा आणि कानस घेऊन घासत बसायचं. आयटीआयवाला पोरगा घासत बसला. थोडं घासायचं, सॉकेट लावून बघायचं, परत घासायचं. जास्त घासलं तर सॉकेट ढिलं, कॅबिनेट वाया. तीन तास! अख्ख्या कामात सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि मॅन्युअलमध्ये त्याला एक ओळसुद्धा नाही.

वायरिंगला दोन तास. त्यातला बराच वेळ एका हिरव्या वायरीवर गेला. अर्थिंगची वायर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडायची, तिथला रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून, नट आवळून. मग मीटरने खात्री करायची. दोनशे तीस व्होल्टची वायर कधी आत सुटून पत्र्याला लागली, तर करंट या हिरव्या वायरीतून जातो आणि फ्यूज उडतो. ही वायर नसेल तर तो तुमच्या हातातून जायला टपलेला असतो. स्वस्तात जोडून देणारे पहिली काट मारतात ती इथे. टू-पिन लावून मोकळे! गाणं तेवढंच छान वाजतं, त्यामुळे कुणाला कळतही नाही.

टेस्टिंगचे अडीच तास मात्र मी श्वास रोखून पाहिले. काकांकडे सिरीज बोर्ड आहे. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब, आणि त्याच्यामार्फत अ‍ॅम्प्लिफायरला वीज. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि किट वाचतं. ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर चमकून मंद होतो. आमचा मंद झाला. पण त्याआधी काकांनी चिपची पाठ आणि हीटसिंक यांच्यामधला माइकाचा तुकडा मीटरने तपासला होता, कारण या चिपच्या धातूच्या पाठीवर मायनस सप्लाय असतो. माइका फाटला तर हीटसिंक तीस व्होल्टवर बसणार. मग आउटपुटला डीसी व्होल्टेज मोजलं. अठरा मिलिव्होल्ट. तिथे चुकून काही व्होल्ट निघाले असते, तर स्पीकरची कॉइल भाजली असती. म्हणूनच पहिला स्पीकर लावला तो काकांचा मोडका, माझा नाही.

गाणं लागलं. आणि गाण्यामागे एक बारीक घुंऽऽ. हमिंग! कॅबिनेट अरुंद, ट्रान्सफॉर्मर बोर्डाला जवळजवळ खेटलेला. काकांनी इनपुटच्या वायरी काढून दुसऱ्या बाजूने फिरवल्या, ग्राउंडच्या सगळ्या वायरी एका बिंदूवर आणल्या, आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट सैल करून तो बोर्डापासून थोडा लांब, घड्याळाच्या काट्यासारखा कणाकणाने फिरवला. एका कोनात आवाज जवळजवळ गेला. तिथेच आवळला. दोन तास.

बेरीज करा. पंधरा तास. काकांनी मागितलेले दीड हजार म्हणजे तासाचे शंभर रुपये, आणि ते दोन माणसांत. दुकानाचं भाडं, वीज, आयर्नचं बिट, सोल्डर वायर, हे सगळं त्यातूनच. घरी येऊन एसी धुणारा तासाभराचे पाचशे घेतो आणि आपण त्याला वर फाइव्ह स्टारही देतो.

मी तासाचे तीनशे म्हटलं. काका म्हणाले, “एवढे कशाला?” मग आमची उलटी घासाघीस झाली, जी तापकीर गल्लीत फारशी ऐकू येत नसावी. काकांचं म्हणणं, हमिंग काढणं हे माझं काम, त्याचे पैसे मी घेणार नाही. माझं म्हणणं, हमिंग तुमच्या हातामुळे नाही, कॅबिनेटमुळे आलं. शेवटी दोन तासांतला एक त्यांचा, एक माझा. चौदा तास, चार हजार दोनशे. मी क्यूआर स्कॅन केला. काकांनी गल्ल्यातून हजार रुपये काढले आणि माझ्यासमोर त्या पोराला दिले. “कानस ह्याने मारली.” पोरगा संध्याकाळी पार्सलं पोचवतो. बोर्ड भरण्यापेक्षा त्यात जास्त सुटतात, असं तो मला जिन्यात म्हणाला होता.

गोष्ट इथे संपली असती. पण आमच्या टीममध्ये एक मित्र आहे, त्याच्याकडे व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचं किट वर्षभर पडून. माझा अ‍ॅम्प ऐकून तो काकांकडे गेला, आणि काकांनी त्याला शांतपणे सांगितलं, तासाच्या हिशोबाने घेतो. रात्री मला फोन. “तू रेट खराब केलास यार!”

हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कुणी स्वयंपाकाच्या मावशींना पाचशे वाढवले, की दुसऱ्या दिवशी हेच वाक्य येतं. जणू रेट म्हणजे सार्वजनिक नळ आहे आणि मी त्यात माती टाकली.

मित्राचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. तो म्हणाला, “काकांनी स्वतः दीड हजार मागितले होते. मागितले तेवढे दिले, तर त्यात अन्याय कुठला?” काम बघून, तास मोजून कुणी भाव सांगितला, तर तो द्यावा, विषय संपला. पण खोका न उघडता सांगितलेला आकडा हा भाव नसतो, ती सवय असते. तिचा फायदा घेणं कायद्यात बसतं. मला ते बरं वाटत नाही, एवढंच.

त्याचा दुसरा मुद्दा असा, की एवढे पैसे मागितले तर काकांकडे गिऱ्हाईक येणार नाही. मिक्सर घेऊन येणाऱ्या आजी नाही येणार, हे खरं. पण त्यांना काका तासाचे तीनशे लावतच नाहीत. किटवाला माणूस वेगळा. याच मित्राने ‘ऑक्सिजन फ्री’ तांब्याची स्पीकर वायर घेतलीय, तीन मीटर, साडेतीन हजारांना. वायरीला साडेतीन हजार आणि ती जिथे टोचायची तो डबा बनवणाऱ्याला दीड!

आणि ओव्हरहेडचं काय? आपल्या कंपन्या क्लायंटला आपला तास विकतात, तेव्हा आपल्या पगाराच्या कितीतरी पट लावतात. त्याला आपण गंभीर चेहऱ्याने ‘बिलिंग रेट’ म्हणतो. काकांनी भाडं आणि वीज धरली, की लगेच ‘पेठेतले लोक लुटतात’!

तुमच्याही कपाटावर खोका असेल, तर थोडं आधी बोलून घ्या. मॅन्युअल प्रिंट काढून द्या, मोबाइलवर पीडीएफ झूम करत कुणी सोल्डर करू शकत नाही. खोका उघडून बघितल्याशिवाय आकडा मागू नका. निम्मे पैसे आधी द्या. पार्ट उडाला तर कुणाचा, हे सगळ्यात नाजूक. चिप खराबच आली असेल तर ती किटवाल्याची, उलटी बसवली तर जोडणाऱ्याची. पण नक्की काय झालं हे बऱ्याचदा कळत नाही. म्हणून मी एक जादा चिप आधीच आणून ठेवली होती. तासाला तीनशे घेणाऱ्यावर अख्ख्या किटची जोखीम टाकायची आणि आपण मोकळं व्हायचं, हा कुठला न्याय? गॅरंटीचंही बोला. काकांनी मला दोन महिने दिले, सुटलेला टाका आणि हमिंग यापुरते.

अजून एक. काम छान झालं की आपल्यातला उद्योजक जागा होतो. ‘काका, असे दहा बनवू, विकू!’ थांबा. नेल्सन पाससारखे डिझायनर आपली सर्किट्स हौशी लोकांसाठी खुली ठेवतात ती स्वतःपुरती बनवायला, धंद्याला नाही. एक नग स्वतःसाठी जोडून घेणं वेगळं आणि दहा विकणं वेगळं. कागदावर राबलेला माणूसही मजूरच आहे.

तर, मित्र. काकांनी त्याचं किट ठेवून घेतलं, मॅन्युअल पोराकडून मराठीत समजून घेतलं आणि नऊ हजार सांगितले. व्हॉल्व्हमध्ये तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज दबा धरून बसतो, त्यामुळे काम सावकाश होतं. मित्र म्हणाला, पाच. काका चिडले नाहीत. म्हणाले, “मग असं करा. भरून तुम्ही आणा, वायरिंग आणि टेस्टिंग मी करतो. तीन हजार. पण प्लग लावायचा नाही. लावलात तर माझ्याकडे येऊ नका.”

मित्राने आयर्न आणलं, स्टँड आणला, भिंग आणलं. रोज रात्री जेवण झालं की बसतो. परवा मेसेज आला : ‘नऊ तास झाले. पान चौदा.’

मॅन्युअल बावन्न पानांचं आहे.